बतावणीतले (लोकनाट्यातल्या विनोदी संवादांतले) जोक शिळे होतात, काय करावं?

प्रश्न: आमच्या कॉलनीच्या गणपतीत दरवर्षी एक छोटं लोकनाट्य बसवतो. स्क्रिप्ट जूनमध्येच लिहून होतं, वाचनाला सगळे पोट धरून हसतात पण स्टेजवर येईपर्यंत ती बातमी जुनी झालेली असते नि पब्लिक गप्प. मागच्या वर्षी तर टोलवरचा अख्खा सीन पडला. जुनी मंडळी कसं जमवायची हे?
– एक वाचक, सातारा

उत्तर: तुम्ही सगळं लिहून टाकलंत ना, तिथंच अडलं. वगात, म्हणजे तमाशातल्या कथानाट्यात, विनोदाची जागा ठरलेली असते, मजकूर त्या दिवशीचा असतो. राजा दरबारात येतो नि विचारतो, प्रधानजी, राज्याची हालहवाल काय? हीच ती जागा! तसंच वगाआधीच्या गौळणीत, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्णाचा सवंगडी पेंद्या दान मागत अडवतो, त्यांच्यातली वयस्कर मावशी त्याच्याशी हुज्जत घालते, तिथं दुधाचा भाव, खड्डे, नळाला न आलेलं पाणी काहीही बसतं आणि गोष्ट कुठं अडत नाही. तुमचा टोल खरं तर इथं हवा होता, वाट अडवून दान मागणं म्हणजे वसुलीच की, दोन वाक्यांत काम झालं असतं.

'विच्छा माझी पुरी करा' बघा. वसंत सबनीसांचं लोकनाट्य, १९६५ च्या सुमारास आलं आणि हजारावर प्रयोग झाले. गोष्ट काय, तर कोतवालाची जागा आणि तिच्यासाठी चाललेली खटपट. खुर्चीची हाव कधी शिळी होत नाही, म्हणून सांगाडा टिकला, आणि हवालदार झालेले दादा कोंडके त्यात त्या त्या वेळचं राजकारण ऐनवेळी घालायचे. मला हे फार मोठं कसब वाटतं, कारण बाकीच्यांना आपला क्यू सापडायला हवा ना.

म्हणून मोकळीक फक्त सोंगाड्याला, म्हणजे हसवणाऱ्या पात्राला द्या. त्याचं मूळ गोष्टीत परत यायचं वाक्य मात्र पक्कं ठरवा, ते ऐकलं की राजानं पुढचं बोलायचं. प्रयोगाच्या दिवशी दुपारी सगळ्यांनी बसून गावातल्या तीनच गोष्टी निवडा. आणि प्लीज, वॉचमन किंवा कामवाल्या मावशींवर जोक नको, ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यावरच बोला, मग तो तुमच्याच सोसायटीचा चेअरमन का असेना. पुढं तिकीट लावून बाहेर करणार असाल तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागेल, तेवढं बघा.

तालमीत रोज सोंगाड्याला वेगळी बातमी द्या, आधी न सांगता. आठ दिवसांत जीभ सुटते.