पहिली अदलाबदल करण्यापूर्वी

बेसबॉल कार्डांची, म्हणजे खेळाडूंची चित्रे छापलेल्या संग्राह्य कार्डांची, अदलाबदल करताना नवख्या संग्राहकाची पहिली फसगत बहुधा जुने कार्ड मौल्यवानच असणार या समजामुळे होते. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि 1990 च्या सुरुवातीला अमेरिकेत कार्डे इतक्या प्रचंड संख्येने छापली गेली की त्यांतली बहुतेक आजही कवडीमोल आहेत. अप्पर डेक या कंपनीच्या 1989 च्या संचातल्या केन ग्रिफी ज्युनियर या खेळाडूच्या, 1 क्रमांक छापलेल्या कार्डाला अजून मागणी आहे, पण तिथेही किंमत ठरते ती कार्डाच्या स्थितीवरच.

म्हणून कार्ड हाती आल्यावर खेळाडूचे नाव क्षणभर बाजूला ठेवावे, ते दिव्याखाली तिरके धरून ओरखडे शोधावेत, चारही कोपरे टोकदार आहेत का आणि चित्राभोवतीची किनार दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हे निरखून पाहावे. झिजलेल्या कडा कापून सरळ केलेले कार्ड किंचित लहान भरते. शंका आल्यास त्याच संचातले दुसरे कार्ड त्यावर ठेवून पाहावे.

भाव ठरवताना कोणी किती मागतो याला महत्त्व देऊ नये, ईबे या ऑनलाइन बाजारावर प्रत्यक्ष झालेल्या अलीकडच्या विक्रीचे आकडे दोघांनी मिळून पाहावेत. आपल्या कार्डातला दोष मात्र आपणच आधी सांगावा. माझ्याकडून एकदा मागच्या बाजूची बारीक घडी सांगायची राहिली आणि त्या गृहस्थांनी माझ्याशी पुन्हा व्यवहार केला नाही, याची खंत मला आजही वाटते.

टपालाने पाठवायचे कार्ड आधी पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात आणि मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लॅस्टिकच्या आवरणात, घालून त्याच्या तोंडावर रंगारी वापरतात ती निळी चिकटपट्टी लावावी, कारण ती काढताना डिंक मागे राहत नाही.