वस्तू चांगली आहे, मग खपत का नाही?

गेल्या काही महिन्यांतल्या पत्रांचा सूर एकच : वस्तू उत्तम, गिऱ्हाईक अडाणी. म्हणून पाच प्रश्न एकत्र घेतो.

माझा पंप बाजारातल्या पंपांपेक्षा तांत्रिकदृष्ट्या सरस आहे. तेवढ्यावर खपेल ना? (इचलकरंजी)

नाही. बिघडला तर तालुक्यात कोण दुरुस्त करणार ते कळवा, मग बोलू.

आधी प्रदर्शनात मांडायचं, पेटंट नंतर. मित्र म्हणतो, वर्षभर सूट असते. (नाशिक)

मित्राच्या भरवशावर पेटंट मिळत नाही. ती सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारख्या मोजक्या बाबतींतच आहे. तालुक्याच्या कृषी मेळाव्याला ती मिळेल असं धरून चालू नका. एरवी जाहीर झालेली कल्पना कायद्याच्या लेखी नवी राहत नाही. तात्पुरता अर्ज केल्यावर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. मित्राने ऐकलेलं वर्ष बहुधा हेच. स्टॉलचे पैसे भरण्याआधी पेटंट एजंटला भेटा. पुढच्या महिन्यात नव्हे, या आठवड्यात.

सुधारित सौर कुकर बनवला. घरोघरी विचारलं, सगळे ‘छान आहे’ म्हणाले. आता घ्यायला कुणी तयार नाही. लोकांना बदलच नको असतो का? (लातूर)

या ‘छान आहे’ने किती जणांचं भांडवल बुडवलंय! दारात आलेल्या माणसाला पाणी देऊन बाई दुसरं काय म्हणणार?

आणि बदल नको असतो हे साफ खोटं. प्रेशर कुकर बघा. हॉकिन्स मुंबईत १९५९मध्ये सुरू झाली. आज खेड्यापाड्यांतही शिट्ट्या मोजून डाळ शिजते. शेगडी तीच, डाळ-भात तोच, जेवणाची वेळही तीच. पहिल्याच दिवशी वेळ आणि इंधन वाचलेलं दिसतं. रबर गेलं तर भांड्यांच्या दुकानात मिळतं.

तुमच्या कुकरचं काय? सकाळी दहाला काळे डबे लावा, काच पुसा, आरसा उन्हाकडे वळवत राहा, आणि भाकरी नि फोडणीसाठी गॅस पेटवायचा तो पेटवाच. नऊला रानात गेलेली बाई आरसा कधी वळवणार? रात्रीच्या जेवणाचं काय? आणि पावसाळ्यात? अनुदानाच्या गोष्टी मला सांगू नका. अनुदानावर घेतलेले सौर कुकर किती घरांत माळ्यावर पडलेत, ते लातुरातच विचारून पाहा.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला, याचा अभ्यास १९४३मध्ये प्रसिद्ध झाला. बियाणं सरसच होतं. तरी बहुतेकांनी आधी थोड्याच रानात पेरून पाहिलं. बातमी विक्रेत्याकडून कळली, खात्री पटली ती शेजाऱ्यामुळे. तशी थोडक्यात अजमावून पाहायची सोय तुमच्याकडे आहे का? पाच घरांत महिनाभर वापरायला द्या, अनामत घ्या, मग परत न्यायला जा. कोण ‘राहू द्या’ म्हणतं ते मोजा. तोवर साच्यावर पैसे घालू नका, आणि घालण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात हिशेब दाखवा.

भाव सगळ्यांत कमी ठेवला तर? (सांगली)

नॅनो आठवा. २००९मध्ये रस्त्यावर आली, २०१८मध्ये उत्पादन थांबलं. कारणं बरीच होती. पण ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का नडला, हे स्वतः रतन टाटांनी नंतर मान्य केलं. गाडी चार लोकांनी बघावी म्हणूनही घेतली जाते. भाव ठरवताना सीएबरोबर बसा. सर्व्हिसचा खर्च त्यात धरलेला नसतो, हा माझा नेहमीचा अनुभव.



यूपीआय नोटाबंदीमुळेच चाललं ना? आमचं पेमेंट अ‍ॅपही अशाच संधीची वाट बघतंय. (पणजी)

रेटा मिळाला, खरं. पण २०१६च्या नोव्हेंबरात तोच रेटा वॉलेटांनाही मिळाला होता. वॉलेटात पैसे आधी भरावे लागत. यूपीआयमध्ये ते थेट बँकेतून बँकेत जातात, आणि देणाऱ्याचं अ‍ॅप वेगळं, घेणाऱ्याचं वेगळं असलं तरी अडत नाही. भाजीवाल्याला कार्डाचं यंत्र नको, भाडं नको; गाडीवर क्यूआरचा कागद डकवला की झालं. पुढे रक्कम मोठ्याने सांगणारा डबा आला नि गिऱ्हाइकाच्या मोबाइलात डोकावणंही संपलं. वाट बघत बसण्यापेक्षा तुमच्या अ‍ॅपमुळे भाजीवाल्याचं कोणतं काम कमी होतं ते कागदावर लिहा. दुसऱ्यांचे पैसे हाताळणार असाल तर रिझर्व्ह बँकेचे नियम जाणणाऱ्या वकिलाला तो कागद आधी दाखवा.