ध्येये आणि प्रकल्प यांची नोंद ठेवण्यासाठी स्वतःची डिजिटल व्यवस्था कशी उभारावी?

चार-पाच अ‍ॅप वापरून पाहिली, प्रत्येक वेळी उत्साहाने सगळे त्यात भरले आणि महिन्याभरात ते उघडणेच बंद झाले, असे आपण लिहिले आहे. मीही या फेऱ्यातून गेले आहे आणि माझ्या मते यात अ‍ॅपचा दोष क्वचितच असतो. ध्येय, प्रकल्प आणि काम या तीन निराळ्या गोष्टी आपण एकाच यादीत कोंबतो, तिथे घोटाळा होतो. ‘जर्मन भाषा अवगत करणे’ हे ध्येय झाले. ‘ए१ (म्हणजे सर्वांत प्राथमिक) पातळीची परीक्षा देणे’ हा प्रकल्प, कारण तो कधीतरी संपतो. आणि ‘नमुना प्रश्नपत्रिका उतरवून घेणे’ हे एका बैठकीत उरकणारे काम.

माझी व्यवस्था म्हणजे एक साधी स्प्रेडशीट आहे. एका पानावर मोजकी ध्येये आणि दुसऱ्यावर प्रकल्प, ज्यांना पाच रकाने आहेत: नाव, कोणत्या ध्येयासाठी, स्थिती, पुढचे काम आणि शेवटचा हात लावल्याची तारीख. खरा भार शेवटचे दोन रकाने उचलतात. ‘जुन्या छायाचित्रांची मांडणी’ हा माझा प्रकल्प सात आठवडे तसाच पडून होता, कारण पुढच्या कामाच्या रकान्यात मी ‘छायाचित्रे लावणे’ असे लिहिले होते, म्हणजे प्रकल्पाचेच नाव पुन्हा. त्याजागी ‘हार्ड डिस्कवरचे २००९ हे फोल्डर उघडून दुबार चित्रे काढून टाकणे’ असे लिहिले आणि त्याच संध्याकाळी ते झालेही.

यामागे मानसशास्त्रही आहे. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट सोडलेली कामे अधिक लक्षात राहतात, असे मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडले. पुढे २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत असे आढळले की, काम प्रत्यक्ष झाले नसले तरी ते कसे करायचे हे नेमके ठरवले की त्याचे विचार मध्येमध्ये डोकावणे कमी होते. नुसती यादी केल्याने डोके हलके का होत नाही, हे मला त्यावरून कळले.

‘चालू’ या स्थितीत मी एका वेळी पाचच प्रकल्प ठेवते. हाती घेतलेल्या कामांवर मर्यादा घालण्याची ही युक्ती कानबान या कामांचा ओघ सांभाळण्याच्या जपानी पद्धतीतली आहे. सहावा घ्यायचा तर आधीचा एक ‘नंतर’मध्ये ढकलावा लागतो, आणि ते ढकलणे चांगलेच जिवावर येते.

आठवड्यातून एकदा अर्धा तास काढून मी ही यादी तारखेनुसार लावते, म्हणजे सर्वांत जास्त दिवस दुर्लक्षित राहिलेला प्रकल्प आपोआप वर येतो. मग त्याचे पुढचे काम नव्याने लिहायचे, तो पुढे ढकलायचा किंवा सरळ बंद करायचा. हा अर्धा तास टळला तर कितीही देखणे अ‍ॅप असले तरी त्याचे अडगळीचे कपाट होते.

फाइलच्या नावात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहावी, म्हणजे फाइली नावाने लावल्या तरी कालक्रमानेच लागतात. पुढेमागे एखादे अ‍ॅप निवडलेच, तर त्यातली माहिती सीएसव्ही स्वरूपात (म्हणजे कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत) बाहेर काढता येते का, हे सारे भरण्यापूर्वी पाहून घ्यावे. रंग, आलेख आणि आपोआप येणाऱ्या सूचना यांच्या वाटेला मात्र पहिले दोन महिने जाऊ नका. माझे पहिले तीन प्रयत्न त्या सजावटीतच संपले होते.