वादळ येताना दिसलं तर नांगरलेल्या शिडाच्या बोटीवर परत जावं का?

तुम्ही विचारलंय ते असं: मे महिना, रायगडचा किनारा, बोट खाडीच्या तोंडाशी नांगरलेली, तुम्ही जमिनीवर आणि सह्याद्रीवर काळे ढग चढताहेत.

आधी वीज मोजा. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत 30 सेकंदही जात नसतील तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. मग किनाऱ्यावरच थांबा, बोटीचं काहीही होवो. मे महिन्यातला हा वारा बहुतेकदा जमिनीकडून सुटतो, म्हणून काठाला पाणी सपाट दिसतं आणि माणूस फसतो. त्यात ओहोटी असेल आणि डिंगीचं, म्हणजे बोटीपर्यंत नेणाऱ्या छोट्या होडीचं, इंजिन बंद पडलं, तर वारा आणि पाणी दोन्ही बाहेर ओढतात. वल्ही तिथे पुरत नाहीत.

वेळ हाताशी असेल तर लाइफ जॅकेट घालून निघा. बोटीला मागच्या बाजूने लागा. नाळेसमोरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, गेलात तर वारा डिंगीला नांगराच्या दोरावर नेऊन आदळतो. चढलात की डिंगी वर घेऊन बांधा, रबराची डिंगी वाऱ्याने सहज उलटते.

शिडं आवळणं, ताडपत्री उतरवणं नंतर. आधी नांगराचा दोर आणखी लांब सोडा. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो, कारण ते भरती धरत नाहीत. समजा, ओहोटीला खोली 3 मीटर, उधाणाची भरती 4 मीटर आणि नाळ पाण्यापासून 1 मीटर वर. एकूण 8 मीटर. वादळात दोर त्याच्या सातपट धरायचा, म्हणजे 56 मीटर. नुसते 3 मीटर धरून 21 मीटर सोडलात, तर भरतीला तो तिपटीलाही पुरत नाही. दोर उभा होतो आणि नांगर आडवा रुतून बसण्याऐवजी वर उपसला जातो. वारा दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो, हेही धरून चाला. मात्र एवढा दोर सोडल्यावर बोट मोठ्या वर्तुळात फिरते. शेजारी दुसरी बोट असेल तर वारा सुटायच्या आत जागा बदला.

खाडीचा तळ मऊ चिखलाचा असतो. इंजिन उलटं चालवून, बोट मागे नेत नांगर रुतवताना जोर हळूहळू वाढवा, एकदम दिलात तर तो चिखल कापत सुटून येतो. दोर जिथे बोटीच्या काठाला घासतो तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवा.

मग किनाऱ्यावरच्या एकामागे एक असलेल्या दोन खुणा धरून ठेवा. त्या एका रेषेतून सरकत राहिल्या आणि दोराला हात लावल्यावर थरथर, झटके जाणवले, तर नांगर ओढला जातोय. आणखी दोर सोडा आणि इंजिन अगदी मंद पुढे ठेवा. जास्त रेटलंत तर बोट दोरावर चढते आणि तो पंख्यात अडकतो.