लेस्टरजवळच्या सुपरमार्केट डेपोत लॉरीची ड्रायव्हिंग असेसमेंट, म्हणजे नोकरीआधीची चाचणी आहे. तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांपूर्वी क्लास वन (ट्रेलरवाल्या मोठ्या लॉरीची परीक्षा) पास झालात, कामाचा अनुभव नाही, पुढच्या आठवड्यात असेसमेंट आहे आणि रिव्हर्सची धास्ती वाटते. मी सात वर्षं इथं इंग्लंडमध्ये याच कामात आहे. रात्रपाळीला डेपोतून दुकानांना माल पोचवतो. त्याआधी बारा वर्षं कोल्हापूर-मुंबई साखरेची पोती वाहिली. तरी माझ्या पहिल्या असेसमेंटला मी नापास झालो. ती गोष्ट आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

रस्त्यावरचा भाग चांगला झाला होता. शेवटी यार्डात दोन ट्रेलरच्या मधल्या बेवर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या जागेवर, गाडी लावायची होती. मी एका दमात लावली. एकदाही पुढे घेतली नाही, एकदम सरळ. मनात म्हटलं, घ्या! शेजारी बसलेल्या असेसरनं शांतपणे विचारलं, "मागे काय होतं?" मी म्हटलं, "काही नव्हतं." तो म्हणाला, "कशावरून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ट्रेलर वळायला लागला की एका बाजूच्या आरशात फक्त ट्रेलरची भिंत दिसते, त्यामागचं काहीच नाही. चांगला अर्धा मिनिट मला डावीकडचं काही दिसत नव्हतं आणि मी गाडी मागे नेतच होतो. कारण साधं आहे. आपल्याकडे मागे क्लीनर असतो. "येऊ दे, येऊ दे, डावीकडे मार, अजून, बास!" आणि फाळक्यावर थाप. बारा वर्षं माझे डोळे त्या पोराच्या स्वाधीन होते. इथं क्लीनर नाही. ड्रायव्हर तुम्हीच आणि क्लीनरही तुम्हीच.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. असेसमेंटमध्ये तुम्ही किती सफाईनं चालवता हे दुय्यम असतं. चालवता येतं हे सरकारी परीक्षेनं ठरवलंच आहे. रात्री दोन वाजता, अंधाऱ्या गल्लीत, दुकानाच्या मागच्या अंगणात या माणसाला शंका आली तर हा थांबून खाली उतरेल का, हे त्यांना बघायचं असतं. नवीन माणसाला यात उलट फायदा आहे, कारण त्याला मोडायला जुन्या सवयी नसतात.

तर रिव्हर्स. गाडी हलवायच्या आधी हँडब्रेक लावा, उतरा आणि बेपर्यंत चालत जा. पडलेली फळी, सोडून दिलेला केज (मालाचा चाकांचा पिंजरा), खाली आलेलं छत, खांब, शेजारच्या ट्रेलरचं उघडं दार, सगळं बघून या. उतरताना केबिनकडे तोंड करून, हँडल धरून उतरा, उडी मारू नका. हे बारीक वाटतं, पण ते बघतात. रेडिओ बंद, काच खाली, चारही इंडिकेटर चालू. शक्य असेल तर गाडी अशी उभी करा की ट्रेलर उजवीकडे, म्हणजे आपल्या बाजूला वळेल. इथंही स्टेअरिंग उजवीकडेच असल्यानं त्या बाजूचं सगळं आरशात आणि खिडकीतून दिसतं. डावीकडून मागे घेणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

मग गोगलगायीच्या वेगानं. स्टेअरिंग थोडंच फिरवा आणि ट्रेलर काय करतो त्याची वाट बघा. तो जरा उशिरा ऐकतो. बिनसलं तर पुढे घ्या आणि सरळ करा. याला इथं शंट म्हणतात आणि त्याचे गुण कापत नाहीत. परत उतरून बघितलं तर त्याचेही नाहीत. दुसऱ्या वेळी मी तीनदा उतरलो आणि पास झालो. मागून कोणी चालत आलं तर तिथल्या तिथे थांबा, तो माणूस पूर्ण बाजूला गेल्याशिवाय हलू नका. आणि ट्रेलरला बाहेर उघडणारी दोन दारं असतील तर बेला टेकायच्या आधी उघडून बाजूला अडकवा. गाडी सुंदर लावायची आणि मग दारं उघडायला जागाच नाही, हा प्रकार मी दर महिन्याला बघतो.

सरावाला लॉरी नसेल तर दोन उपाय आहेत. ज्या स्कूलमध्ये शिकलात तिथं फक्त रिव्हर्ससाठी दोन तास विकत घ्या. आणि घरी मुलाचा खेळण्यातला ट्रेलरवाला ट्रक स्वयंपाकघरातल्या टेबलावर मागे ढकलून बघा. हसू नका. स्टेअरिंग कुठे गेलं की ट्रेलरचं ढुंगण कुठे जातं, हे डोक्यात बसवायला याच्याइतकं स्वस्त काही नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे जोडणी. काही डेपोत ट्रेलर आधीच जोडलेला देतात, काही ठिकाणी जोडायला आणि सोडायला लावतात. तयारी दोन्हीची ठेवा. इथं चूक झाली तर माणूस मरतो, म्हणून असेसर डोळ्यांत तेल घालून बघतो. ट्रॅक्टर, म्हणजे लॉरीचा पुढचा केबिन-इंजिनाचा भाग, मागे घेऊन ट्रेलरखाली घालण्याआधी उतरून उंची बघा. ट्रेलरची पिन ट्रॅक्टरमध्ये अडकली की आधी ट्रॅक्टरचा हँडब्रेक, इंजिन बंद, किल्ली खिशात. मग ट्रेलरचा स्वतःचा पार्किंग ब्रेक लागलाय का ते हातानं तपासा. त्यानंतरच मागे चढून हवेच्या नळ्या जोडा. या गुंडाळीच्या नळ्यांना इथं सूझी म्हणतात. तुम्हाला शाळेत सांगितलं असेल, पण पुन्हा सांगतो: लाल नळी जोडली की ट्रेलरचे आपोआप लागलेले ब्रेक सुटतात. त्या क्षणी पार्किंग ब्रेक ओढलेला नसेल आणि केबिनचा हँडब्रेकही राहिला असेल, तर अख्खी गाडी चालायला लागते आणि तुम्ही मधे उभे असता. यात इथं अनुभवी लोक गेलेत.

पिन नीट बसली का हे गाडी हलकेच पुढे ओढून दोनदा तपासायचं, शिवाय वाकून डोळ्यांनी बघायचं आणि सेफ्टी क्लिप लावायची. मग ट्रेलरचे टेकूचे पाय वर, दिवे, नंबर प्लेट. नंबर प्लेट विसरू नका. मागे ट्रॅक्टरचाच नंबर लागतो. सोडतानाही ती काढायला विसरतात आणि मग पुढचा ट्रेलर बिननंबराचा निघतो.

गाडीभोवतीच्या तपासणीसाठी घाई करू नका. एका कोपऱ्यापासून सुरू करून तिथंच संपवा आणि काय बघताय ते मोठ्यानं बोला. आपल्याकडे टायरवर टॉमी मारून आवाजावरून हवा ओळखायची पद्धत होती. इथं तेवढ्यावर भागत नाही. लॉरीच्या टायरला रुंदीच्या तीन चतुर्थांश भागावर किमान १ मिलीमीटर खाच लागते (कारला १.६ लागते, लोक इथं गोंधळतात). जोडचाकांच्या मधे दगड अडकलाय का, चाकाच्या नटांवरचे पिवळे बाण जागेवरून सरकलेत का (म्हणजे नट ढिला झालाय का), हवा गळल्याचा फुसफुस आवाज येतो का, आरसे, काच, दिवे, टेल लिफ्ट (माल खाली-वर करायचा मागचा फाळका). ब्रेकचे दिवे एकट्याला दिसत नाहीत, तेव्हा असेसरला "जरा मागे बघता का?" असं विचारायला लाजू नका, किंवा भिंतीवरचा उजेड बघा. काही सापडलं तर लपवू नका. माझ्या दुसऱ्या असेसमेंटला बाजूचा एक मार्कर दिवा बंद होता. मुद्दाम ठेवला होता की खरंच गेला होता हे मला आजही माहीत नाही. मी तो लिहून दिला, एवढंच.

केबिनमध्ये गाडीची उंची लिहिलेली असते. ३ मीटरपेक्षा उंच गाडीला ती पाटी सक्तीची आहे. ती फुटांत पाठ करून बसा, कारण रस्त्यात मधेच "आपली उंची किती?" असं विचारतात. सुपरमार्केटचे दुमजली ट्रेलर १६ फुटांच्या आसपास जातात आणि इथं १६ फूट ६ इंचांपेक्षा कमी असलेल्या पुलांवरच सहसा उंची लिहिलेली असते. ब्रिटनमध्ये रेल्वेच्या पुलांना वर्षाला हजाराहून जास्त वेळा गाड्या धडकतात. कारचा नकाशा फोनवर लावून लॉरी चालवणाऱ्याला कुठलाही डेपो घेत नाही.

टॅकोग्राफ (चालवण्याचे आणि विश्रांतीचे तास नोंदवणारं यंत्र) हा लेखी आणि तोंडी दोन्ही परीक्षांचा विषय. त्यात आपलं कार्ड घातल्यावर, ते बाहेर होतं त्या मधल्या काळाची नोंद भरा, आणि गाडीची तपासणी करताना एकमेकांवर आडव्या ठेवलेल्या हातोड्यांचं चिन्ह, म्हणजे "इतर काम", लावा. पलंगाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, चिन्हावर ठेवून तपासणी केली तर तिथंच नाव कटतं. नियम तुम्हाला येत असतीलच: साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती. ती तोडायची तर आधी १५ आणि मग ३०, उलट नाही. दिवसाला ९ तास, आठवड्यात दोनदा १० चालतात. आठवड्याला ५६, दोन आठवड्यांत मिळून ९०. रोज सलग ११ तास विश्रांती, तीनदा ती ९ वर आणता येते. पण सुपरमार्केटच्या कामात लोक अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी. सलग ६ तासांपेक्षा जास्त काम ब्रेकशिवाय करायचं नाही, हा वेगळा नियम आहे आणि तो फक्त चालवण्याला नाही, सगळ्या कामाला लागू आहे. आमचं चालवणं कमी आणि केज उतरवणं जास्त. दोन दुकानं केली की चालवणं तीन तासही झालेलं नसतं, पण सहा तास मात्र संपत आलेले असतात. हे तुम्ही आपणहून बोललात तर समोरच्याला कळतं की याला कामाची कल्पना आहे.

रस्त्यावर साधारण पाऊण तास-तासभर फिरवतात. इंग्लंडमध्ये साध्या दुपदरी रस्त्यावर साडेसात टनांवरच्या लॉरीला ताशी ५० मैल, ड्युअल कॅरेजवेवर (मधे दुभाजक असलेल्या रस्त्यावर) ६०. गाडीला लिमिटर (वेग रोखणारं यंत्र) असल्यानं मोटरवेवर ५६ च्या पुढे ती तशीही जात नाही. वेगापेक्षा अंतर आणि आरसे महत्त्वाचे. डावीकडे वळताना ट्रेलरची मागची चाकं आत कापतात, तेव्हा डाव्या आरशातून सायकलवाला आत शिरला नाही ना हे वळण पूर्ण होईपर्यंत बघत राहा. २०२२ पासून हायवे कोड, म्हणजे इथली रस्त्याची नियमावली, बदललाय. तुम्ही वळताय त्या रस्त्यावर ओलांडायला थांबलेल्या माणसालाही आता आधी जाऊ द्यायचं, आणि सायकलला ओलांडताना निदान दीड मीटर सोडायचं. राउंडअबाउटला दोन लेन लागल्या तर घ्या, पण आधीपासून दाखवून घ्या.

रस्ता चुकलात तर चुकू द्या. पुढे जा आणि सुरक्षित जागी वळा. चुकलेल्या वळणानं कोणी नापास होत नाही. शेवटच्या क्षणी स्टेअरिंग ओढलं की होतं.

इंग्रजीची भीती असेल तर एक युक्ती सांगतो. आठवडाभर कार चालवताना दिसेल ते बोलत चला. आधी मराठीत: "पुढे शाळा, डावीकडे थांबलेली बस, मागून दुचाकी, वेग कमी." मग तेच इंग्रजीत. असेसमेंटच्या दिवशी दोन-चार वाक्यं जरी आपोआप निघाली तरी शेजारच्याला समजतं की तुमची नजर लांब आहे.

कागदांचं थोडक्यात: लायसन्स, सीपीसीचं (व्यावसायिक ड्रायव्हरच्या पात्रतेचं) कार्ड, टॅकोग्राफचं म्हणजे टॅको कार्ड, आणि लायसन्स तपासायचा ऑनलाइन कोड. तो २१ दिवस चालतो, म्हणून आदल्या दिवशी काढलात तरी पुरे. चष्मा असेल तर तो. सेफ्टी बूट आणि पिवळं जॅकेट स्वतःचं न्या. काही ठिकाणी नशेची चाचणी होते, त्यामुळे कुठलं औषध चालू असेल तर आधीच सांगा. आणि आदल्या रात्री एजन्सीची पाळी करून तसेच तिथं जाऊ नका; विश्रांतीचे तास भरले नाहीत तर टॅको कार्डच चहाडी करतं.

जमलं तर एक दिवस आधी कार घेऊन डेपोच्या आजूबाजूला चक्कर मारा. लटरवर्थ-डेव्हेंट्रीच्या पट्ट्यात गोदामांचं जंगल आहे आणि गेट शोधण्यातच नवा माणूस घामाघूम होतो. आत जाणाऱ्या लॉऱ्या कुठल्या लेननं वळतात ते दहा मिनिटं बघून ठेवलंत की निम्मी धडधड कमी होते.

शेवटी ते विचारतील, तुमचे काही प्रश्न? तेव्हा पगाराआधी हे विचारा की सुरुवातीला सोबत जुना ड्रायव्हर किती दिवस देता. मला चार दिवस मिळाला होता, निवृत्तीला आलेला एक जाडजूड वेल्श माणूस. त्याच्याकडे एक मळकी वही होती. प्रत्येक दुकानाच्या मागच्या अंगणाचं पेन्सिलचं चित्र: कुठलं गेट अरुंद, कुठे झाडाची फांदी खाली येते, कुठे शेजारीण रात्री अकरानंतर खिडकी उघडून ओरडते. निवृत्त होताना त्यानं ती मला दिली नाही, म्हणाला, स्वतःची कर. माझ्या वहीत आता त्रेसष्ट दुकानं झालीत, आणि त्या शेजारणीला मी पानाच्या वर लाल पेननं लिहून ठेवलंय.