चेकवरची रक्कम कोणी वाढवू नये म्हणून

प्रश्न : कोथरूडच्या आमच्या सोसायटीचे चेक मी लिहितो. रकमेत फेरफार होऊ नये म्हणून काय करावे? – एक खजिनदार

उत्तर : फसवणूक होते ती मोकळ्या जागेत. ‘₹ 5,000’ लिहिताना चिन्हानंतर बोटभर जागा सोडली, की तिथे ‘1,0’ बसते आणि अक्षरी ओळीच्या सुरुवातीला ‘एक लाख’. झाले 1,05,000! म्हणून आकडा ₹ ला चिकटवून लिहा, शेवटी ‘/-’ करा. अक्षरी रक्कम ओळीच्या अगदी डाव्या टोकापासून सुरू करून ‘फक्त’ लिहा आणि उरलेल्या जागेवर रेघ ओढा. नावापुढेही तसेच.

पेन स्वतःचेच वापरा, हे फार महत्त्वाचे. समोरच्याने दिलेल्या पेनची शाई घासून, उष्णतेने उडणारी असू शकते. कागदात मुरणारी काळी किंवा निळी जेल शाई चांगली. खाडाखोड झाली तर चेक रद्द करून नवा लिहा. सीटीएसमध्ये (चेकऐवजी त्याचे चित्र पाठवून तो वटवण्याची बँकांची पद्धत) तारखेखेरीज दुरुस्ती चालत नाही, सही केली तरी.

50,000 रुपयांपासून पुढच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे जरूर वापरा. चेक देतानाच नंबर, तारीख, नाव, रक्कम बँकेला कळवा. तफावत दिसली, की चेक अडतो.