रस्ता कोणाच्या नावावर आहे?

प्रश्न : मुळशी तालुक्यातील एका प्लॉटिंग योजनेत आम्ही २०११ साली अकरा गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट घेतला. योजनेत एकूण १६२ प्लॉट असून घरे मात्र चाळीसही झालेली नाहीत. अंतर्गत रस्ता सुमारे चार किलोमीटरचा आहे. विकसक केव्हाच निघून गेला. प्लॉटधारकांची संघटना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली आहे आणि ती प्रत्येक प्लॉटमागे वर्षाला सारखीच वर्गणी आकारते. निम्मे लोक ती भरत नाहीत. २०१९ आणि २०२२ असे दोनदा डांबर टाकले, दोन्ही वेळा चढावरचे वळण पहिल्याच पावसाळ्यात उखडले. आता काही जणांनी दुसरी संघटना काढली आहे आणि जुन्या समितीने थकबाकीदारांसाठी फाटकाचा अडसर उघडायचा नाही असे ठरवले आहे. हे कायदेशीर आहे का? आणि रस्ता टिकावा यासाठी काय करावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रात वर्गणी, डांबर, फाटक आणि दोन संघटना या सगळ्यांचा उल्लेख आहे, पण ज्या एका गोष्टीवर हे सारे अवलंबून आहे तिचा नाही. तो रस्ता कोणाच्या नावावर आहे? तलाठ्याकडून रस्त्याखालच्या जमिनीचा सातबारा आणि मंजूर रेखांकनाची (ले-आउटची) प्रत काढून पाहा. अशा जुन्या योजनांमध्ये प्लॉट विकले जातात, त्यांचे फेरफार होतात, आणि रस्त्याचे क्षेत्र मात्र मूळ शेतकऱ्याच्या किंवा विकसकाच्या नावावर तसेच राहते. तसे असेल तर आपली समिती इतकी वर्षे दुसऱ्याच्या जमिनीवर डांबर टाकत आली आहे, आणि नवी संघटनाही तेच करील. म्हणून पहिले काम म्हणजे रस्ता व मोकळी जागा यांचे नोंदणीकृत हस्तांतरण संस्थेच्या नावे करून घेणे. मूळ मालकाचे वारस वाढत जातात आणि प्रत्येक वारसागणिक सही मिळवणे अवघड होते, त्यामुळे हे लांबणीवर टाकू नये.

दुसरा प्रश्न संस्थेच्या प्रकाराचा. १८६० च्या कायद्याखालील संस्थेला थकीत वर्गणीसाठी सभासदावर दिवाणी दावा लावता येतो आणि तीन महिन्यांहून अधिक काळ वर्गणी थकवणाऱ्याला मतदानाचा हक्क राहत नाही. एवढ्यावर १६२ प्लॉटांच्या योजनेचा कारभार चालणे कठीण आहे, कारण ऐंशी दावे लावण्याचा खर्च वसूल होणाऱ्या रकमेहून जास्त होईल. प्लॉटधारकांची सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० लागू होतो. त्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले असून निबंधकाच्या वसुली दाखल्याने थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. दोन्ही गटांनी आपापले लेटरहेड बाजूला ठेवून याच एका कामासाठी एकत्र बसावे असे मला वाटते. समितीत कोण बसणार हा वाद त्यानंतर निवडणुकीत मिटेल.

फाटकाविषयी स्पष्ट सांगायचे तर समितीचा ठराव मला टिकणारा वाटत नाही. आपल्या प्लॉटवर जाण्याचा हक्क खरेदीखताबरोबर आणि मंजूर रेखांकनामुळे मिळालेला असतो. वर्गणी न भरल्याने तो जात नाही. ज्या दिवशी कोणी न्यायालयात जाऊन मनाई हुकूम आणील, त्या दिवशी समितीची उरलीसुरली पतही जाईल. क्लबहाऊस किंवा तत्सम ऐच्छिक सोयी थांबवणे वेगळे आणि वाट अडवणे वेगळे.

आता सारख्या वर्गणीबद्दल. रिकाम्या प्लॉटचा मालक म्हणतो, ‘मी वर्षातून दोनदा येतो, मी का भरू?’ आणि तिथे राहणारा म्हणतो, ‘रस्त्यामुळे तुझ्या प्लॉटचा भाव वाढतो.’ दोघांचेही काही अंशी खरे आहे. माझ्या मते रस्त्याची मूळ बांधणी, मोऱ्या आणि गटारे यांचा खर्च प्रत्येक प्लॉटवर सारखा टाकावा, आणि रखवालदार, दिवे, साफसफाई यांसारख्या रोजच्या खर्चाचा मोठा वाटा घर असणाऱ्यांनी उचलावा. मात्र तिसरी एक बाब बहुतेक समित्या विसरतात, ती म्हणजे बांधकामाच्या गाड्या. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून असे दिसले की रस्त्याचे नुकसान गाडीच्या आसावरील (अ‍ॅक्सलवरील) भाराच्या साधारण चौथ्या घातात वाढते. म्हणजे दहा टनांचा आस एक टनाच्या आसापेक्षा सुमारे दहा हजार पट झीज करतो. खडी-वाळूने भरलेला एकच हायवा (मोठा डंपर) जे करतो, ते आपल्या मोटारी वर्षभरातही करत नाहीत. म्हणून घर बांधणाऱ्याकडून परतीची अनामत घ्यावी आणि पावसाळ्यात जड गाड्यांना पूर्ण बंदी ठेवावी.

राहिला उखडणारा रस्ता. दोन्ही वेळा तेच वळण गेले, याचा अर्थ दोष डांबरात कमी आणि पाण्याच्या वाटेत जास्त आहे. जुलैमध्ये जोराचा पाऊस असताना छत्री घेऊन त्या चढावर अर्धा तास उभे राहा. बहुधा असे दिसेल की वरच्या अंगाच्या प्लॉटधारकांनी गाडी आत घेण्यासाठी कडेच्या गटारात मुरूम टाकून उतार केला आहे, खाली पाइप घातलेला नाही, आणि अडलेले पाणी रस्त्यावर चढून वळणावर तिरके कापत जाते. ज्यांच्या फाटकासमोर गटार बुजले आहे, तेच अनेकदा सभेत कंत्राटदाराच्या नावाने सर्वांत मोठ्याने बोलतात, हा माझा जुना अनुभव. अशा प्रत्येक प्रवेशाखाली पुरेशा व्यासाचा सिमेंट पाइप घालणे मालकावर बंधनकारक करा आणि त्याचा खर्च त्याच्याकडूनच घ्या. वळणाच्या वर एक आडवी मोरी काढून पाणी नैसर्गिक ओघळीत सोडा. ते खालच्या शेतात सोडू नका, कारण ओघळ अडवल्याने किंवा वळवल्याने शेतीचे नुकसान झाले तर शेतकरी १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे जाऊ शकतो. रस्त्याचा मध्य कडांपेक्षा उंच ठेवावा. पावणेचार मीटर रुंदीच्या मुरमी रस्त्याला मध्यभागी सात-आठ सेंटिमीटर उंची हवी. एवढे झाल्यावर खडीकरण, नीट रोलिंग आणि मग डांबर. पैसे कमी असतील तर चढाचा तेवढा भाग काँक्रीटचा करून बाकी दोन वर्षे मुरमावर काढावीत, पण गटारांतील गाळ दरवर्षी मृगाच्या आधी काढलाच पाहिजे.

प्रश्न : आमच्या योजनेच्या पलीकडे गावकऱ्यांची शेते आहेत आणि त्यांचे ट्रॅक्टर आमच्याच रस्त्याने जातात. आम्ही घरपट्टी भरतो, तरी ग्रामपंचायत रस्त्याला हात लावत नाही. दोन्हींना काय करावे? – एक वाचक, मावळ

उत्तर : आधी जुनी वहिवाट कुठून होती ते पाहा. योजना होण्यापूर्वीपासून शेतांना तीच वाट असेल, तर ती अडवल्यास वरच सांगितलेल्या १९०६ च्या कायद्याखाली शेतकरी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागू शकतो, आणि सहसा तो जिंकतो. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा नांगरणीच्या दिवसांत केजव्हील (ट्रॅक्टरची लोखंडी पिंजऱ्याची चाके) लावून डांबरावर जायचे नाही एवढी एक अट मान्य करून घ्या.

घरपट्टीचे म्हणाल, तर ग्रामपंचायत तिच्या ताब्यात नसलेल्या रस्त्यावर सहसा खर्च करीत नाही. ताब्यातील रस्त्यांची नोंद ती नमुना २३ मध्ये ठेवते. आपला रस्ता तिथे यावा अशी इच्छा असेल, तर बक्षीसपत्राने तो पंचायतीला द्यावा लागेल. मग तो सार्वजनिक होईल आणि आपले फाटक काढावे लागेल. फाटकही हवे आणि पंचायतीचे डांबरही हवे, असा अर्ज घेऊन ग्रामसेवकाकडे जाऊ नये.